उंची कमी केलेल्या मोटारगाडीचे व्हील अलाइनमेंट

मोटारगाडीच्या स्प्रिंगा बदलून किंवा अन्य मार्गाने तिचा सांगाडा जमिनीच्या जवळ आणला, की चाकांचे कोन व सस्पेन्शनचे भाग नव्या उंचीशी पुन्हा जुळवावे लागतात. या जुळवणीला उंची कमी केलेल्या गाडीचे व्हील अलाइनमेंट म्हणतात. गाडीची उंची अशा प्रकारे उतरवण्यास बोलीभाषेत ‘गाडी लो करणे’ असा शब्दप्रयोग रूढ आहे. उंची उतरवल्यावर कॅम्बर व टो हे कोन हमखास बदलतात. ते पूर्ववत न केल्यास टायर असमान झिजतात, गाडी सरळ रेषेत चालत नाही आणि ब्रेक लावताना ती एका बाजूस ओढली जाऊ शकते.

अलाइनमेंटमुळे उभ्या गाडीच्या चाकांचे कोन सुधारता येतात. मात्र चालत्या गाडीचे चाक वरखाली होत असताना हे कोन कसे बदलावेत, हे सस्पेन्शनच्या दांड्यांची लांबी व कल यांवरून ठरते. ही मांडणी अलाइनमेंट यंत्रावर दुरुस्त होत नाही. त्यामुळे यंत्रावरील सर्व आकडे योग्य मर्यादेत असलेली गाडीही उंची फार कमी केलेली असल्यास वळणावर व खड्ड्यांत सदोष वागू शकते.

संज्ञा

कॅम्बर – गाडीकडे समोरून पाहिले असता चाकाचा उभ्या रेषेशी होणारा कोन. चाकाचा वरचा भाग आत झुकलेला असल्यास कॅम्बर ऋण, बाहेर झुकलेला असल्यास धन मानतात.

टो – गाडीकडे वरून पाहिले असता चाकांचा मध्यरेषेशी होणारा कोन. चाकांच्या पुढच्या कडा एकमेकींकडे वळलेल्या असल्यास टो-इन व एकमेकींपासून दूर असल्यास टो-आउट म्हणतात.

कॅस्टर – पुढचे चाक स्टिअरिंगने ज्या अक्षाभोवती वळते, त्या अक्षाचा बाजूने दिसणारा कल. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येण्यास तो कारणीभूत असतो.

थ्रस्ट कोन – मागच्या दोन चाकांची एकत्रित दिशा व गाडीची मध्यरेषा यांच्यातील कोन. तो शून्य नसल्यास गाडी किंचित तिरकी धावते व सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग एका बाजूस धरावे लागते.

राइड हाइट – गाडी सपाट जागी स्वतःच्या वजनाने उभी असतानाची उंची. चाकाच्या केंद्रापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजल्यास टायरच्या झिजेचा परिणाम या मोजमापावर होत नाही.

उंची कमी करण्याच्या पद्धती

मूळ स्प्रिंगांच्या जागी आखूड व अधिक कडक स्प्रिंगा बसवणे ही सर्वांत प्रचलित पद्धत आहे. कॉइलओव्हर या प्रकारात शॉक अब्सॉर्बरच्या नळीवर आटे असतात व स्प्रिंगखालची चकती फिरवून प्रत्येक चाकाची उंची स्वतंत्रपणे ठरवता येते. एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगची जागा हवेच्या फुग्यांनी घेतलेली असते. या गाड्यांची उंची चालकाला बदलता येत असल्याने त्यांचे अलाइनमेंट नेहमीच्या चालवण्याच्या एकाच ठरावीक उंचीवर करावे लागते.

जुन्या भारतीय गाड्यांची रचना वेगळी होती. हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बॅसेडरला पुढे टॉर्शन बार व मागे पाटे होते. मुंबईत कुर्ला येथे तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीला पुढे विशबोन व कॉइल स्प्रिंग, तर मागे पाटे होते. टॉर्शन बारच्या गाडीत दांड्याचा पीळ कमी करून, तर पाट्यांच्या गाडीत पाटे व एक्सल यांच्यामधील अंतर बदलून उंची कमी करता येते.

मूळ स्प्रिंगेचे वेढे कापून गाडी खाली आणण्याचा प्रकार स्वस्त असला तरी धोकादायक आहे. स्प्रिंगेची कडकता तिच्या कार्यरत वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असते. सहा वेढ्यांची स्प्रिंग पाच वेढ्यांची केल्यास ती केवळ २० टक्क्यांनी कडक होते. याउलट, चाकाला वर जाण्यास ८० मिलिमीटरऐवजी ५० मिलिमीटर जागा उरली असेल, तर तितकाच धक्का पचवण्यासाठी स्प्रिंग सुमारे अडीच पट कडक असावी लागते. कारण स्प्रिंगेत साठणारी ऊर्जा तिच्या दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. कापलेल्या स्प्रिंगेची गाडी त्यामुळे वारंवार रबरी बंप स्टॉपवर आपटते. शिवाय कापलेले टोक वाटीत नीट बसत नाही आणि चाक हवेत लोंबकळताना स्प्रिंग सैल होऊन जागा सोडू शकते.

चाकांच्या कोनांत होणारे बदल

भारतातील बहुतेक लहान मोटारगाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट व मागे टॉर्शन बीम प्रकारचे सस्पेन्शन असते. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये चाकाला खालून लोअर आर्म व वरून शॉक अब्सॉर्बरचा खांब धरून ठेवतो. मूळ उंचीवर लोअर आर्मचे बाहेरचे टोक सामान्यतः आतल्या टोकापेक्षा किंचित खाली असते. गाडी खाली आल्यावर आर्म आडवा होतो, त्याचे बाहेरचे टोक बाहेरच्या दिशेने सरकते व चाकाचा खालचा भाग बाहेर ढकलला जाऊन कॅम्बर ऋण होतो. ३० ते ४० मिलिमीटर उतरवलेल्या गाडीत हा बदल गाडीच्या रचनेनुसार साधारण अर्धा ते एक अंश असतो.

लोअर आर्म खांबाशी काटकोनात येईपर्यंत ही वाढ चालू राहते. त्यापुढे चाक वर गेल्यास ऋण कॅम्बर वाढण्याऐवजी घटू लागतो. वळणावर बाहेरच्या चाकाला ऋण कॅम्बरची सर्वाधिक गरज असते. अति खाली आणलेल्या गाडीत नेमका त्याच वेळी तो मिळत नाही.

टो बदलण्याचे कारण टाय रॉड हे होय. टाय रॉड व लोअर आर्म यांची टोके वेगवेगळ्या कमानींत फिरतात. उत्पादकाने या दोन कमानी मूळ उंचीच्या आसपास शक्य तितक्या जुळवलेल्या असतात. उंची बदलली की त्यांच्यातील तफावत वाढते व चाकाची दिशा बदलते. टो-इन होईल की टो-आउट, हे स्टिअरिंग रॅक चाकांच्या मध्याच्या पुढे आहे की मागे आणि किती उंचीवर आहे, यावर अवलंबून असते. चालत्या गाडीचे चाक खड्ड्यात किंवा उंचवट्यावर जाताच चालकाने स्टिअरिंग न फिरवताही चाक वळण्याच्या या दोषाला बंप स्टिअर म्हणतात.

चारही चाकांची उंची सारखीच कमी केल्यास कॅस्टरमध्ये मोठा फरक पडत नाही. परंतु पुढची बाजू मागच्यापेक्षा अधिक उतरवल्यास कॅस्टर घटतो. २,६०० मिलिमीटर व्हीलबेसच्या गाडीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा ३० मिलिमीटर जास्त खाली आणल्यास तो सुमारे ०.६६ अंशाने कमी होतो.

गुरुत्वमध्य व रोल सेंटर

गुरुत्वमध्य खाली आल्याने वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारा एकूण भार कमी होतो. गाडी खाली आणण्याचा हा खरा लाभ आहे. मात्र गाडीचा सांगाडा वळणावर किती कलेल, हे गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांच्यामधील उभ्या अंतरावर ठरते. मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये उंची उतरवताना रोल सेंटर गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जाते.

उदाहरणादाखल, एखाद्या गाडीचा गुरुत्वमध्य ५५० मिलिमीटर व पुढचे रोल सेंटर ६० मिलिमीटर उंचीवर आहे असे मानल्यास दोहोंतील अंतर ४९० मिलिमीटर होते. गाडी ४० मिलिमीटर खाली आणताना रोल सेंटर १०० मिलिमीटर उतरले, तर गुरुत्वमध्य ५१० मिलिमीटरवर व रोल सेंटर जमिनीखाली ४० मिलिमीटरवर येते आणि अंतर ५५० मिलिमीटर होते. म्हणजे एकूण भारांतरण सुमारे ७ टक्क्यांनी घटले, तरी सांगाडा कलवणारी तरफ सुमारे १२ टक्क्यांनी लांबते. म्हणूनच मूळ स्प्रिंगा कापून खाली आणलेली गाडी दिसायला चपळ वाटली, तरी वळणावर पूर्वीपेक्षा अधिक कलू शकते.

टायरची झीज

टायर आतल्या कडेने झिजल्याचा दोष सहसा कॅम्बरला दिला जातो. प्रत्यक्षात चुकीचा टो अधिक वेगाने टायर संपवतो. पुढच्या चाकांचा एकूण टो-आउट ६०० मिलिमीटर व्यासावर ३ मिलिमीटर असल्यास प्रत्येक चाक मध्यरेषेशी सुमारे ०.१४ अंशाचा कोन करते. एवढ्याशा कोनामुळेही चाक दर किलोमीटरला सुमारे अडीच मीटर आडवे घासले जाते. १०,००० किलोमीटरच्या प्रवासात हे घर्षण २५ किलोमीटरच्या आसपास भरते.

ऋण कॅम्बरमुळे टायरची आतली कड जमिनीवर अधिक दाबली जाते. टायरचा पृष्ठभाग १७५ मिलिमीटर रुंद व कॅम्बर २ अंश असल्यास भार नसताना दोन कडांच्या उंचीत सुमारे ६ मिलिमीटरचा फरक पडतो. कॅम्बर वाढलेला आणि टोही चुकलेला असल्यास आडव्या घर्षणाचा बराचसा भार आतल्या कडेवर येतो. अशा टायरची बाहेरून दिसणारी नक्षी शाबूत असतानाच आतल्या बाजूच्या तारा उघड्या पडू शकतात. चाक पूर्ण वळवल्याशिवाय किंवा गाडी उचलल्याशिवाय ही झीज दिसत नसल्याने तिची तपासणी हाताने चाचपून करतात.

रचनेनुसार जुळवणीच्या मर्यादा

मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या बहुतेक लहान गाड्यांत कारखान्याने केवळ पुढच्या टोची जुळवणी दिलेली असते. कॅम्बर बदलण्यासाठी खांब व स्टिअरिंग नकल जोडणाऱ्या जागी विलक्षण बोल्ट, म्हणजे ज्याचा मध्य एका बाजूस सरकलेला आहे असा बोल्ट, बसवतात. त्याने साधारण एक ते दीड अंश फरक पाडता येतो. खांबाच्या वरच्या टोकाशी सरकती कॅम्बर प्लेट बसवणे हा दुसरा उपाय होय.

टॉर्शन बीमच्या मागच्या चाकांचे कॅम्बर व टो बीममध्येच पक्के असतात. चाकाचा हब व बीम यांच्यामध्ये पाचरीसारखी शिम घालून ते थोडे बदलता येतात. मल्टिलिंक सस्पेन्शनच्या मोठ्या गाड्यांत मागचा टो व कित्येकदा कॅम्बरही बदलता येतो. अशा गाड्यांत उंची कमी केल्यावर मागचे कोन सर्वाधिक बदलतात. मात्र योग्य लांबीचे आर्म बसवल्यास ते पुरतेपणी सुधारतात. पॅनहार्ड रॉडने धरलेला मागचा एक्सल गाडी खाली येताच एका बाजूस सरकतो. तो पुन्हा मध्यावर आणण्यासाठी लांबी बदलता येणारा रॉड लागतो.

रोल सेंटर व बंप स्टिअर यांची दुरुस्ती लोअर आर्मचा बॉल जॉइंट आणि टाय रॉडचे टोक यांची उंची बदलूनच होते. केवळ बॉल जॉइंट खाली घेतल्यास टाय रॉडशी असलेली त्याची जुळणी बिघडते. त्यामुळे दोन्ही बदल एकत्र करावे लागतात.

जुळवणीचा क्रम

स्प्रिंगा बसवल्यावर गाडी काही अंतर चालवून सस्पेन्शन स्थिरावू देतात. त्यानंतर लोअर आर्म, बॉल जॉइंट, बुश व टाय रॉडची टोके यांतील ढिलाई तपासतात. ढिले भाग तसेच ठेवून केलेले अलाइनमेंट टिकत नाही. टायरमधील हवा निर्धारित दाबावर आणून चारही चाकांची राइड हाइट मोजतात. कॉइलओव्हर असल्यास ती अलाइनमेंटपूर्वीच निश्चित करणे आवश्यक असते. नंतर एका कोपऱ्याची उंची बदलली तरी सर्व काम पुन्हा करावे लागते.

कोनांची जुळवणी मागून पुढे केली जाते. प्रथम मागचा कॅम्बर, मग मागचा टो व थ्रस्ट कोन, त्यानंतर पुढचे कॅस्टर व कॅम्बर आणि शेवटी स्टिअरिंग सरळ बांधून पुढचा टो असा क्रम असतो. कॅम्बर बदलला की टो बदलतो, परंतु टोच्या लहान दुरुस्तीने कॅम्बर फारसा बदलत नाही. म्हणून टो अखेरीस ठेवतात.

संगणकीय यंत्रावरील लाल-हिरव्या मर्यादा मूळ उंचीच्या गाडीसाठी दिलेल्या असतात. उंची कमी केलेल्या गाडीचा कॅम्बर या मर्यादेबाहेर दिसणे संभवते. रोजच्या वापराच्या गाडीत अशा वेळी टो उत्पादकाने दिलेल्या मूल्यावर आणणे आणि डाव्या-उजव्या चाकांच्या कॅम्बरमधील फरक साधारणतः अर्ध्या अंशाच्या आत ठेवणे यांस प्राधान्य देतात. हा फरक मोठा असल्यास गाडी एका बाजूस ओढते. नव्या स्प्रिंगा काही काळाने किंचित बसत असल्याने ५०० ते १,००० किलोमीटरनंतर फेरतपासणी करतात.

अलाइनमेंट यंत्रावर न दिसणारे बदल

लोअर आर्म व मागच्या बीमचे रबरी बुश ज्या उंचीवर घट्ट केले जातात, त्या उंचीवर ते तणावरहित असतात. गाडी खाली आणल्यावर बोल्ट सैल न करता तसेच ठेवल्यास रबर कायम पिळलेले राहून फाटते. म्हणून गाडी चाकांवर उभी असताना, नव्या उंचीवर हे बोल्ट सैल करून पुन्हा निर्धारित जोराने आवळतात. अँटी-रोल बारच्या लिंक रॉडचीही लांबी तपासावी लागते.

काही जुन्या गाड्यांत व हलक्या मालवाहनांत मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारा व्हॉल्व्ह एका दांडीने मागच्या एक्सलला जोडलेला असतो. गाडीचा मागचा भाग खाली बसला, की गाडीत माल भरला आहे असे गृहीत धरून तो मागच्या ब्रेकना अधिक दाब देतो. उंची कमी केलेल्या रिकाम्या गाडीत यामुळे जोराचा ब्रेक लागताच मागची चाके पुढच्यांच्या आधी अडकून गाडी फिरू शकते. या व्हॉल्व्हची दांडी नव्या उंचीनुसार जुळवणे हा सुरक्षिततेच्या दृष्टीने अलाइनमेंटइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

पुढचा भाग अधिक खाली असल्यास हेडलाइटचा झोतही खाली जातो. २,६०० मिलिमीटर व्हीलबेसवर ३० मिलिमीटरचा फरक पडल्यास २५ मीटर अंतरावर झोत सुमारे २९ सेंटिमीटर खाली येतो. इलेक्ट्रॉनिक स्थैर्यनियंत्रण असलेल्या गाड्यांत स्टिअरिंगचा मध्य बदलल्यास स्टिअरिंग कोनाचा सेन्सर, तर कॅमेरा व रडारवर चालणाऱ्या चालक-साहाय्य प्रणाली असल्यास तेही पुन्हा अंशांकित करावे लागतात.

रस्ते व गतिरोधक

गाडी किती खाली आणावी, याची व्यवहारातील मर्यादा रस्ता ठरवतो. पुण्याच्या बुधवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत ही मर्यादा लवकर येते. लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता व शिवाजी रस्ता हे येथील मुख्य मार्ग असून त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या अरुंद आहेत. अशा गल्ल्यांत चेंबरची झाकणे, फरशीचे तुकडे व रस्त्याच्या बदलत्या पातळ्या टाळून चाक बाजूने काढण्यास जागा नसते. गाडी एका चाकाने उंचवट्यावर चढते, तेव्हा त्या चाकाचा टो व कॅम्बर दुसऱ्या चाकापेक्षा वेगळा होतो आणि बंप स्टिअरचा दोष कमी वेगातही हाताला जाणवतो. वाहनांच्या सुट्या भागांची शहरातील जुनी बाजारपेठ असलेली नाना पेठ याच परिसरात आहे.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच व १७ मीटर त्रिज्येचा असावा. २.४ मीटर व्हीलबेसची गाडी अशा गतिरोधकाच्या मध्यावर आली, की तिची चाकेही त्याच वर्तुळाकार उतारावर असतात. त्यामुळे पोटाखाली गतिरोधकाचा केवळ सुमारे ४२ मिलिमीटर भाग वर येतो. ग्राउंड क्लिअरन्स १६५ मिलिमीटरवरून १२५ मिलिमीटरवर आणलेली गाडीही तो सहज ओलांडते.

याउलट, १ मीटर रुंद व १५ सेंटिमीटर उंच असा नियमबाह्य गतिरोधक दोन्ही चाकांच्या मध्ये सपाट रस्त्यावर राहतो आणि त्याची पूर्ण उंची पोटाखाली येते. हीच गाडी त्यावर घासते. प्रवासी बसल्यावर गाडी आणखी खाली येत असल्याने मोजमाप पूर्ण भाराच्या स्थितीत करणे इष्ट असते. तळाला किंवा लोअर आर्मला असा एक जोराचा फटका बसल्यास नुकतेच केलेले अलाइनमेंट पुन्हा बिघडते.

कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरतील, असा बदल वाहनमालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या कलमाचा कठोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ नुसार अनुज्ञेय नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

नवे वाहन बाजारात येण्यापूर्वी त्याच्या नमुन्याची चाचणी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावी लागते. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी एक आहे. नमुन्याचे ब्रेक, दिवे व अन्य बाबी उत्पादकाने ठरवलेल्या उंचीवरच तपासलेल्या असतात. त्यामुळे अलाइनमेंट केंद्राने दिलेला मोजमापांचा कागद चाकांच्या कोनांचा पुरावा असला, तरी तो बदलास मिळालेली परवानगी ठरत नाही. तशी परवानगी नोंदणी प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे पुणे शहरातील एमएच-१२ क्रमांकाच्या गाड्यांच्या बाबतीत संगम पुलाजवळील प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे मागावी लागते. झालेला बदल विमा कंपनीस कळवलेला नसल्यास अपघातानंतरच्या दाव्यात अडचण येऊ शकते.